बाबांच्या डिस्कची मोजणी

बाबांच्या संगणकाच्या पडद्यावर, निळ्या पट्टीतली ती रेष केसाएवढी होती. सरकवली की सरकत होती. एवढ्याशा रेषेच्या अलीकडे यंत्र राहणार आणि पलीकडे बाबा... म्हणजे बाबांचे फोटो, पत्रं, पावणेतीनशे नकाशे. लेक ती रेष जरा डावीकडे नेई, पुन्हा उजवीकडे आणी. शेजारी बाबा गुडघ्यांवर हात ठेवून बसले होते, स्वतःच्याच जमिनीच्या मोजणीला आलेल्या मालकासारखे.

"हद्द आखताना हात थरथरला की दोन पिढ्या भांडतात," ते म्हणाले. छत्तीस वर्षं जमिनी मोजण्यात घालवलेल्या माणसाला हे म्हणायचा हक्कच होता.

"इथं कोण भांडणार आहे, बाबा?"

"तुझी ती सिस्टिम. वर्षातनं दोनदा आजारी पडते आणि दर वेळी माझं घर रिकामं करायला निघते."

खरंच होतं ते. सगळं एकाच खोलीत कोंबलेलं – यंत्राचं बिऱ्हाड तिथंच, बाबांचं सामानही तिथंच. यंत्र बिघडलं की झाडून सगळं पुसायची पाळी. म्हणून आज सकाळीच येऊन तिनं सगळ्याची प्रत बाहेरच्या डिस्कवर घेतली होती. आता डिस्कचे दोन भाग करायचे, आणि त्याआधी बाबांचं काय काय कुठं कुठं शिरलंय ते शोधायचं. फाइल कुठंही ठेवायची त्यांची जुनी खोड.

"चहा टाकतो, ठमे," म्हणून ते उठले. चाळिशी उलटलेल्या बाईला ठमी म्हणणारा जगात आता हा एकच माणूस.

आणि यंत्राच्याच एका फोल्डरच्या पोटात तिला ते नाव दिसलं – ठमी. लहानपणचे फोटो असतील, असं वाटून तिनं उघडलं. फोटो नव्हते. नुसती टिपणं होती, तारीखवार, सगळ्या तारखा रविवारच्या; तिच्या फोनच्या वाराच्या.

'नव्या वरिष्ठ बाईंचं नाव सांगितलं. पुन्हा विचारू नये, दोनदा विचारून झालं.'

'घराला रंग देणार आहे. पुढच्या वेळी : कोणता दिला?'

'ठमी आता एकटी राहते. जावयांची चौकशी करू नये. करू नये.'

तिची बोटं थांबली. आमच्या बाबांच्या सगळं लक्षात असतं हो – कचेरीत किती मिरवलं होतं मी हे... परवा रंगाचं विचारलं तेव्हा केवढं बरं वाटलं होतं. लहानपणी ते तिला मोजणीला न्यायचे, गवतात बुजलेला हद्दीचा दगड काठीनं टकटक करून नेमका दाखवायचे – हा बघ, एकोणीस वर्षांपूर्वी मीच पुरलाय... आणि तोच माणूस आता दर रविवारी फोनच्या आधी हे वाचून, पाठ करून बसतो? परीक्षेला बसल्यासारखा? माझ्यासाठी?

स्वयंपाकघरात बशी खणखणली. तिनं शेवटचं टिपण वाचलं.

'बरी आहे म्हणाली. आवाज बरा नव्हता. काय झालंय ते आधीच सांगून झालंय की काय? विचारायची भीती वाटली.'

आणि ती समजत होती, की बाबा काही विचारत नाहीत ते समंजसपणानं. कधी कधी तर – रागाच्या भरात – त्यांना काही पडलेलंच नाही, असंसुद्धा.

तिनं टिपण मिटलं आणि फोल्डर रेषेच्या पलीकडे टाकायच्या यादीत सगळ्यात वर ठेवलं.

"सापडलं का काही?" कप तिच्यापुढे ठेवत बाबांनी विचारलं. त्यांची नजर पडद्यावर, त्या यादीवर, क्षणभर रेंगाळली की तिलाच तसं वाटलं...

"सापडलं. बरंच."

"पुसलं नाही ना जाणार?"

"नाही बाबा. ते राहणार."

तिनं होकाराचं बटण दाबलं. चाळीस मिनिटं, असं यंत्र म्हणालं. चहा नेहमीसारखा गोडमिट्ट होता. आता उठून खिडकीशी जावं, हवापाण्याचं बोलावं, बरी आहे म्हणावं – सवयीचं होतं ते.

"बाबा, गेल्या रविवारी मी बरी आहे म्हणाले ना, तेव्हा मी बरी नव्हते."

कपाचा कान बाबांनी दोनदा चाचपला. मग, शेजारच्या घरात कुणी निजलं असावं तशा आवाजात त्यांनी विचारलं, "हे... आधी सांगितलं होतंस का गं मला?"

"नाही. कुणालाच नाही. आत्ता पहिल्यांदाच सांगतेय."

त्यांचे खांदे खाली आले. त्यांनी खुर्ची पुढे ओढली, आणि ती बोलू लागली – सावकाश, एकेका वाक्यानंतर थांबत, कुणाला उतरवून घ्यायचं असेल तर घेता यावं अशा बेतानं. पुढच्या रविवारी हेच पुन्हा सांगावं लागेल कदाचित, किंवा दर रविवारी... लागू दे. सांगायचं कुठपर्यंत, ते तिला अजून कळत नव्हतं, आणि ते न कळणं आज तिला जड जात नव्हतं.