दुसऱ्या अक-तेरेकला गेलेलं पत्र

त्या उन्हाळ्यात आसिलकानच्या घरी पाच पाहुणे राहून गेले आणि तिच्या हातात सोमचं एक नाणंसुद्धा पडलं नाही.

चाळीस वर्षं तिनं अक-तेरेकच्या शाळेत भूगोल शिकवला होता. निवृत्त झाल्यावर राजधानीत, बिश्केकला राहणाऱ्या मुलीनं, बेगिमायनं, जर्दाळूच्या बागेकडच्या दोन खोल्यांचे फोटो एका परदेशी बुकिंगच्या साइटवर टाकले आणि माणसं येऊ लागली. सायकलवरून आलेलं पोलिश जोडपं, एकटी कोरियन बाई, सरोवरात दिवसभर डुंबणाऱ्या दोन फ्रेंच मुली. निघताना सगळे गळ्यात पडायचे, पण पैशाचं नाव कुणी काढायचं नाही, कारण ते त्यांनी साइटला आधीच भरलेले असायचे.

"म्हणजे जेवले आपल्याकडे आणि पैसे दिले तिसऱ्याला," कापारबेक म्हणायचा. तिचा हा नवरा जन्मभर ट्रक चालवत आलेला. रोख मोजून घेतल्याशिवाय त्यानं कधी माल उतरवू दिला नव्हता.

"अहो, पाहुणा आला की दुसऱ्या दिवशी ते आपला हिस्सा कापून बाकीचे बँकेत पाठवतात. तशीच पद्धत आहे."

"मग तो दुसरा दिवस उजाडतो कधी, तेवढं विचार त्यांना."

शेवटी बेगिमायनंच चौकशी करून फोन केला. "आई, पैसे त्यांनी अडवून ठेवलेत. घर खरंच त्या पत्त्यावर आहे याची त्यांना खात्री हवी. त्यांनी टपालानं पत्र पाठवलंय, त्यात सहा आकडे आहेत. ते साइटवर टाकले की पैसे सुटतील. महिनाअखेरपर्यंत नाही टाकले, तर खोल्या काढून टाकतील."

"घर आहे की नाही याची खात्री?" कापारबेक मागून ओरडला. "माझ्या बापानं हातानं विटा पाडल्यात याच्या!"

पत्र काही येईना. टपालवाल्या बाईनं चार ठिकाणी फोन फिरवले तेव्हा पत्ता लागला. देशात अक-तेरेक नावाची गावं एकाहून जास्त. पत्र डोंगरांपलीकडे, जलालाबादकडच्या अक-तेरेकला गेलं होतं, आणि तिथंही एक आसिलकान होती. ऐंशीच्या पुढची.

"ती म्हातारी पाकीट हातातून सोडत नाही," टपालवाली म्हणाली. "तिचा नातू जर्मनीला शेतावर कामाला गेलाय. पाकिटावरचं परदेशी तिकीट बघून म्हणते, माझ्या पोराचंच आहे. उघडत नाही, कुणाला देतही नाही."

आसिलकान म्हणाली, "राहू दे तिच्याकडे. खोल्या गेल्या तर गेल्या."

कापारबेक चहा पीत होता. दुसऱ्या दिवशी पहाटे "चुलतभावाकडे घोडा बघून येतो" म्हणाला आणि भाड्याच्या गाडीत बसून निघून गेला. ज्या भावाचा शेवटचा घोडा तीन वर्षांपूर्वी विकला गेला, त्याच्याकडे घोडा बघायला! आसिलकानला समजायचं ते समजलं. तिनं त्याच्या पिशवीत भाकऱ्या आणि जर्दाळूच्या मुरंब्याची बाटली आधीच ठेवली होती.

दोन दिवस, तीन गाड्या. दुसरी आसिलकान अक्रोडाच्या झाडांखालच्या घरात एकटी राहत होती. तिनं त्याला बसवलं, दही दिलं, आणि मगच पाकीट आणून त्याच्या पुढ्यात ठेवलं.

"तू शहर बघितलेला दिसतोस. वाच."

कापारबेकनं पाकीट फोडलं. भाषा त्याला कळत नव्हती, पण सहा आकडे ठळक दिसत होते. म्हातारी त्याच्या तोंडाकडे बघत होती. नातू सुखरूप आहे, हिवाळ्याआधी येतो, एवढं म्हटलं असतं तर ती हरखून गेली असती. शब्द त्याच्या ओठांवर आलेही होते.

"मावशी," तो म्हणाला, "हे तुमच्या नातवाचं नाही. माझ्या बायकोचं आहे. तिचंही नाव आसिलकान."

म्हातारीनं डोक्यावरच्या रुमालाचं टोक चाचपलं. "वाटलंच होतं मला. तो कशाला माझं नाव लिहितोय? तो मला मोठी आई म्हणतो." मग थोडं थांबून म्हणाली, "पण पाकीट घरात होतं ना, तर बरं वाटायचं."

कापारबेक त्या दिवशी निघालाच नाही. तिच्या अंगणाचं फाटक एका बिजागरीवर लोंबत होतं, ते त्यानं बसवलं. चुलीचा धूर घरात कोंडत होता, म्हणून धुराडं साफ केलं. संध्याकाळी शेजारच्या मुलीच्या फोनवरून नातवाला लावून बघितलं, पण कुणी उचलला नाही. निघताना म्हातारीनं अर्धं पोतं अक्रोड त्याच्या खांद्यावर दिलं.

घरी आल्यावर त्यानं पत्र बायकोसमोर टाकलं. "घे. घोडा नाही मिळाला."

"दिसतंय," आसिलकान म्हणाली आणि त्याच्यासाठी पाणी तापवायला गेली.

बेगिमायनं आकडे टाकले. चौथ्या दिवशी बँकेत पैसे आले. शेकडा पंधरा कापून, पण उरलेले सगळे, पाचही पाहुण्यांचे. कापारबेकनं चष्मा लावून दोनदा बघितलं.

"पंधरा! एवढ्या पैशात मी पार ओश शहरापर्यंत माल नेऊन टाकला असता."

"आणि तुमच्या त्या तीन गाड्यांचं भाडं कोण कापणार?"

तो मिशीत हसला. मग त्यानं तिला सगळं सांगितलं, फाटकाचं, धुराचं, मोठी आई म्हटल्याचं. आसिलकान अक्रोड फोडता फोडता ऐकत राहिली. बोलणं संपल्यावर तिनं हात पुसून बेगिमायला फोन लावला.

"सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात बागेकडची खोली साइटवर बंद दाखव."

"का गं आई? पैसे आत्ता कुठे सुरू झालेत. कोण येणार आहे?"

"आसिलकान येतेय," ती म्हणाली. "तुझे बाबा आणायला जाणार आहेत."

"मी?" कापारबेक म्हणाला. "मी कधी म्हटलं?" पण तोवर तो उठून ओसरीवर गेला होता, गाडीवाल्याचा नंबर शोधायला.