पिंपाची लढत

अमेरिकेत बेलव्ह्यूपासून दोन तासांवरच्या मेपल फॉर्क गावात स्वयंसेवकांचं अग्निशमन दल आहे. नव्वद वर्षांत त्यांनी बऱ्याच आगी विझवल्या, पण जुलैतल्या पिंपाच्या लढतीत शेजारच्या गावाला कधी हरवलं नव्हतं. तारेवर रिकामं पिंप टांगायचं आणि पाण्याचा फवारा मारून ते समोरच्यांच्या हद्दीत ढकलायचं. पाइप धरायला चौघं लागतात. चौथी असायची सुलभा. ती मार्चमध्ये गेली. चौथं कुणी मिळालं नाही, तर यंदा दल न खेळताच हरणार होतं. म्हणून तिचं हेल्मेट घालून तिचे पती दिगंबरराव उभे राहिले.

"बाबा, तुम्हाला बागेतला पाइपसुद्धा हँडल होत नाही!" त्यांची मुलगी रुचा ओरडली.

"तुझी आई शिकवून गेलीय. कंबर खाली, पाय रोवून!"

पाणी सुटलं. कंबर इतकी खाली गेली, की दिगंबरराव चिखलात बसले, मग सरळ आडवे झाले. पाइप मात्र सोडला नाही. फवारा पिंपाच्या बुडाला लागला आणि पिंप सुसाट पलीकडे गेलं.

दलाच्या वहीत चीफ वॉल्टरने तिथंच लिहिलं, 'पहिला विजय. सुलभाच्या हेल्मेटखाली, आडवं पडून.'

रुचा हात द्यायला धावली. पण हसून हसून दिगंबररावांना उठता येईना, आणि तिला उठवता येईना.