डुकरिणीशेजारचं बिऱ्हाड

“सरक की जरा. सगळी ऊब तूच घेतीस व्हय?”

कुडापलीकडची कुरकुर ऐकून केशरचा भाकरी थापणारा हात थांबला. तिचा नवरा उमाजी डुकरिणीशी बोलत होता. मग तो खोकला. मग डुकरीण खोकली. वर आडव्या बांबूवर बसलेल्या कोंबड्यांपैकी एक शिंकली.

दीड वर्षामागं जेवताना उमाजी म्हणाला होता, “डुकरीण बी तुझ्यापरीस गप जेवती.” केशर म्हणाली, “मग जावा तिच्याशेजारी.” तो गोधडी घेऊन डुकरिणीच्या खोपटात गेला. दिग्गी गावात कुणी काही विचारलं नाही. टपाल खोपटात यायला लागलं. मतदार यादीवाल्यानं खोपटाच्या दारावर खडूनं नंबरही टाकला.

दुपारी गुरांच्या डॉक्टरीणबाई सुनयना आल्या. डुकरिणीच्या, कोंबड्यांच्या नाकात कापसाची काडी फिरवून झाली, तसं उमाजीनंही नाक पुढं केलं.

“तुमचा दवाखाना वेगळा, मामा,” त्या म्हणाल्या. मग केशरकडं वळल्या. “अक्का, कोंबडीचा फ्लू आणि माणसाचा फ्लू, दोन्ही डुकराच्या अंगात घुसू शकतात. एकाच वेळी घुसले तर आपापले तुकडे बदलून घेतात. त्यातून तिसराच निघाला, तर त्याची ओळख कुणाच्याच अंगाला नसते. तिघांना आजच वेगळं करा.”

अंगणात बैठक बसली. दीर परशू म्हणाला, “कोंबड्या माझ्याकडं आणा.” शेजारची शांताकाकू म्हणाली, “डुकरीण माझ्या न्हाणीत ठेवा. आमी न्हाई धूत अंग चार दिस.” परशूनं कोळशानं जमिनीवर दुमजली खोपट काढलं, वर दादा, खाली डुकरीण. दादाला खिडकी कुठल्या बाजूला, यावर अर्धा तास गेला. आठ पावलांवरच्या घराच्या दाराकडं कुणी बघितलं नाही.

“मी रामनगरच्या स्टँडवर झोपतो,” उमाजी म्हणाला.

“तिथं आणखी दोनशे नाकं आहेत, मामा!”

उमाजी हसायला गेला आणि खोकत खाली बसला. ढास थांबेना. डुकरीण कान टवकारून बघत राहिली. केशरला वाटलं, दीड वर्षं ही ढास हिनंच ऐकली.

ती उठली. परशूचं दुमजली घर तिनं पायानं पुसलं.

“डुकरीण हाय तिथंच ऱ्हाईल. कोंबड्या परशूकडं,” ती म्हणाली. “आणि तुमी... तुमी घरात या. मागच्या खोलीत आंथरते. मी बोलतच जेवणार, तेवढं ऐकावं लागंल.”