चौतीस नंबरची जागा

आकांक्षाला डेंग्यू झाला आणि राजापेठेतल्या अभ्यासिकेतली तिची चौतीस नंबरची जागा रिकामी पडली. तिच्या आजोबांना, म्हणजे किसनरावांना, ते काही पटेना. जागा महिनाभरासाठी घेतलेली आणि पोरगी अंथरुणावर पडलेली. मग त्या खुर्चीवर बसायचं कोणी?

"मी जाऊन बसतो," एका सकाळी चहा पिता पिता ते म्हणाले.

सून चंदा पोळ्या लाटत होती. ती लाटणं हातात धरून थांबली. "मामाजी, तथी पोट्टे सरकारी परीक्षेचा अभ्यास करतात. तुमी काय कराल?"

"बसीन. पेपर वाचीन. घरी तरी काय करून रायलो?"

हे मात्र खरं होतं. किसनराव चांदूर बाजारजवळच्या एका खेड्यातले. वय एकाहत्तर. आयुष्य संत्र्याच्या बागेत गेलेलं. मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी दिवाळीनंतर ते मुलाकडे अमरावतीला आले होते. दोन्ही डोळे झाले, डॉक्टरांनी वाचायला चष्माही दिला, पण दोन महिने धुळीत जायचं नाही म्हणून बजावलं. त्यामुळे तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये ते गॅलरीत उभे राहून खालच्या गाड्या मोजत. आकांक्षा तापात पडल्यापासून तिच्या उशाशी बसत. पण तिलाही सारखी झोप लागे.

दहा वाजता ते धोतर-टोपीत अभ्यासिकेत हजर झाले. अभ्यासिका म्हणजे एका दुकानाच्या वरचा लांबट हॉल. लाकडी पार्टिशन घालून साठ खुर्च्या केलेल्या, प्रत्येकीवर दिवा. आत चिडीचूप. अभ्यासिका चालवणारा पियुष तिशीचा होता. म्हाताऱ्या माणसाला दारातून परत पाठवणं त्याच्या जिवावर आलं.

"आजोबा, फक्त आवाज नका करू," तो म्हणाला.

"आमच्या बागेतही आवाज नसतोच बाबू," किसनराव म्हणाले आणि चौतीस नंबरवर जाऊन बसले.

पहिले दोन दिवस त्यांनी वर्तमानपत्र वाचलं, जाहिरातींसकट. तिसऱ्या दिवशी आकांक्षाच्या खणातलं सामान्य ज्ञानाचं जाडजूड पुस्तक काढलं. कोणती नदी कुठे उगम पावते, कोणत्या साली कोणता कायदा झाला, असलं सगळं. अर्ध्या तासात त्यांना जांभया यायला लागल्या. मग त्यांची नजर हॉलच्या कोपऱ्यातल्या लोखंडी कपाटावर गेली. त्यावर पाण्याचे रिकामे जार ठेवलेले होते आणि कुलूप पार गंजलेलं.

"त्यात काय हाय?" त्यांनी पियुषला विचारलं.

"बाबांची पुस्तकं. ते शाळेत मास्तर होते. वारले तेव्हापासून बंदच आहे. किल्लीही सापडत नाही."

दुसऱ्या दिवशी किसनराव घरून छोट्या बाटलीत गोडेतेल आणि एक पेचकस घेऊन आले. कुलपात तेल सोडून ते दोन तास थांबले. मग जेवणाच्या सुट्टीत, हॉल रिकामा असताना, त्यांनी ते असं अलगद उघडलं की पियुष बघतच राहिला. आत दीड-दोनशे पुस्तकं होती. सगळ्यांना खाकी कव्हरं, कव्हरांवर निळ्या शाईतले नंबर. पियुषने एक हातात घेऊन उघडलं. पहिल्या पानावर वडिलांची सही होती. तो खाली जाऊन फडकं घेऊन आला आणि त्याने स्वतः सगळी पुस्तकं पुसली.

आता यातलं कोणतं घ्यायचं? किसनरावांनी आजवर श्रावणात पोथी वाचली होती, बाकी औषधांच्या डब्यांवरची माहिती. गोष्टीचं पुस्तक सातवीनंतर हातात धरलं नव्हतं. गेल्या दहा वर्षांत तर अक्षरं धुक्यातल्यासारखी दिसायची. बागेत तोडणीआधी ते संत्र्याची एक फोड चाखून बघत, तसंच त्यांनी केलं. पुस्तक मधोमध उघडायचं आणि चार ओळी वाचायच्या. सात पुस्तकं परत ठेवली. आठव्यात चार ओळींची चार पानं झाली, तरी ते कपाटापाशी उभेच. गुडघे दुखायला लागले तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की आपण बसलेलोच नाही.

ती एका बंद पडलेल्या सर्कशीची गोष्ट होती. वाघ-सिंह गेले, तंबू गेला, माणसं पांगली. उरला एक मॅनेजर आणि गुलाब नावाची म्हातारी हत्तीण. तिला कोणीतरी सांभाळावं म्हणून तो तिला घेऊन गावोगाव पायी फिरतो.

पाचव्या दिवशी दुपारी साडेतीनच्या सुमाराला, साठ खुर्च्यांवर साठ जण मान खाली घालून बसलेले असताना, चौतीस नंबरवरून हसण्याचा स्फोट झाला. किसनरावांनी उपरण्याचा बोळा तोंडात कोंबला, पण खांदे गदगदा हलत होते आणि खुर्ची कुरकुरत होती.

"आजोबा!" पलीकडून कोणीतरी ओरडलं. दुसऱ्याने टेबल वाजवलं. पियुष धावत आला आणि त्यांना हाताला धरून बाहेर घेऊन गेला.

"आजोबा, मी काय सांगितलं होतं?"

"चुकलं बाबू," डोळे पुसत किसनराव म्हणाले. "पण त्या गुलाबनं पाटलाच्या पोरीच्या मांडवाचे केळीचे खांब खाल्ले ना! आन् पाटील तिच्याच समोर हात जोडून उभा, की बाई, तोरण तरी ठेव!" आणि ते पुन्हा हसायला लागले.

पियुषने ओठ आवळून धरले. पण तोही हसला. शेवटी त्याने गच्चीचं दार उघडून दिलं. पाण्याच्या टाकीजवळ एक प्लास्टिकची खुर्ची ठेवली. थंडीचे दिवस होते, ऊन अंगाला गोड लागत होतं. "इथे हसा किती हसायचं तेवढं," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत यास्मीन गच्चीवर आली. ती पस्तीस नंबरवर बसायची. तिचे वडील शिलाईचं दुकान चालवत आणि ती तलाठ्याच्या परीक्षेची तयारी करत होती. डबा हातात घेऊन ती टाकीपाशी उभी राहिली.

"आबाजी, कल आप... काल तुमी एवढे कायले हसले?"

"बस. सांगतो."

त्यांनी सांगितलं नाही, वाचूनच दाखवलं. ते वाचायचे हळू, एकेका अक्षरावर बोट ठेवून, पण आवाज पोथी वाचणाऱ्याचा होता, खणखणीत. यास्मीनचा घास हातातच राहिला. दुसऱ्या दिवशी ती मैत्रिणीला घेऊन आली. तिसऱ्या दिवशी टेबल वाजवणारा पोरगाही आला आणि दाराशी उभा राहून ऐकू लागला. आठवड्याभरात दुपारी पंधरा-वीस जण डबे घेऊन गच्चीवर बसायला लागले. पोळीचा घास मोडत ते विचारत, "आबाजी, गुलाब कोठी पोचली?"

आकांक्षा तीन आठवड्यांनी उठली. अशक्त झाली होती, चेहरा उतरला होता. अभ्यासिकेत आली तेव्हा खालच्या पायरीवरच एका अनोळखी पोराने तिला विचारलं, "तू चौतीस नंबरच्या आबाजीची नात ना?"

तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती दोनदा पूर्वपरीक्षेत नापास झालेली. या हॉलमध्ये तिला कोणी ओळखू नये असंच तिला वाटायचं. संध्याकाळी घरी आल्यावर ती आजोबांवर चिडली.

"आबाजी, तिथं लोक अभ्यासाले येतात. माझा महिना वाया गेला आन् तुमी तिथं पोथी लावून बसले!"

किसनरावांनी हातातलं पुस्तक मिटून बाजूला ठेवलं. दुसऱ्या दिवशी ते अभ्यासिकेत गेले नाहीत.

आकांक्षा मात्र गेली. दुपारी यास्मीनने तिचा हात धरला. "आबाजी नाही आले? अगं, गुलाब आजारी पडली होती! पुढे काय झालं?" मागोमाग आणखी चार जणांनी तेच विचारलं. सगळे रोज नोट्स मागणारे, मार्कांचे आकडे सांगणारे. एका हत्तिणीसाठी त्यांचे चेहरे असे काळजीने भरलेले तिने कधी पाहिले नव्हते.

ती घरी आली तेव्हा किसनराव गॅलरीत बसले होते. मांडीवर तेच पुस्तक उघडं होतं आणि चष्मा हातात. ते रडत होते.

"आबाजी! डोळे दुखून रायले का?" ती घाबरली.

"नाई गं." त्यांनी पुस्तक तिच्यापुढे केलं. "हे पान वाच."

तिने वाचलं. मॅनेजरला कोणीतरी सांगतं की एका बागायतदाराकडे हत्तीण ठेवून जा. निघण्याआधी तो तिच्या पोटाला कान लावून उभा राहतो, तिचा श्वास ऐकत. मग मागे न बघता चालू लागतो. कारण बघितलं तर पाय उचलणार नाही हे त्याला ठाऊक असतं.

"आपला ढवळ्या बैल होता," किसनराव म्हणाले. "तू तवा लहान होती. बाजारात नेला. मी बी असाच कान लावून उभा होतो. आन् असाच मागे न पाहता आलो. कोणाले सांगितलं नाई, तुह्या आजीलेही नाई. हा लिहिणारा माणूस कोण, कुठला, मले ठाऊक नाई. त्याले हे कसं समजलं?"

आकांक्षा त्यांच्या शेजारी खाली बसली.

"माहे डोळे भरून येतात, अक्षर दिसत नाई," ते म्हणाले. "तू वाच पुढचं."

ती वाचायला लागली. पण हात सवयीने पिशवीत गेला आणि तिने पिवळा हायलायटर काढला. दुसऱ्याच ओळीखाली रेघ ओढली.

"हे काय करून रायली?"

"महत्त्वाचं आहे ना, आबाजी."

"कोणाले महत्त्वाचं? हे तुले कोणी विचारणार हाय का?"

तिने हायलायटरकडे पाहिलं, मग टोपण लावलं. कोणी विचारणार नव्हतं. पाच वर्षांत तिने असं एकही पान वाचलं नव्हतं की ज्याच्यावर प्रश्न येणार नाही. सुरुवातीला तिला अवघडल्यासारखं झालं. मग वाक्यामागून वाक्य ती वाचत गेली. चंदा जेवायला हाक मारून दमली, शेवटी ताटं गॅलरीतच घेऊन आली आणि स्वतःही ऐकत बसली. बागायतदाराच्या घरी दोन दिवस उपाशी राहिलेली गुलाब तिसऱ्या दिवशी दोर तोडून मॅनेजरच्या मागे निघते, तिथे चंदाच म्हणाली, "बस, आता उद्या. नाही तर भाजी गार व्हायची." पण उठलं कोणीच नाही.

दुसऱ्या दिवशी आकांक्षाने आजोबांना स्वतः अभ्यासिकेत नेलं. सकाळी आणि संध्याकाळी ती चौतीस नंबरवर बसून आपला अभ्यास करी. दुपारी गच्चीवर आजोबा अर्धं वाचत आणि ते थकले की ती. पुस्तक संपलं त्या दिवशी सुट्टी संपली तरी गच्चीवरून कोणी खाली उतरलं नाही. मग यास्मीन म्हणाली, "आबाजी, दुसरं काढा." पियुषने कपाटाला नवीन कुलूप आणलं होतं. त्याने ते लावलंच नाही.

जानेवारीच्या शेवटी डॉक्टरांनी किसनरावांना गावी जायची परवानगी दिली. बागेत संत्र्यांना आंबिया बहाराची, म्हणजे थंडी संपतानाची, फुलं आली होती, त्यांचा जीव तिकडे ओढत होता. जाताना पियुषने त्यांना चार पुस्तकं निवडायला लावली.

आकांक्षाची परीक्षा अकोल्याला होती. फेब्रुवारीतल्या रविवारी ती एकटीच गेली. पेपर बरा गेला, फार चांगला नाही, पण मागच्या दोन वेळांसारखा अर्धवट राहिला नाही. परतीच्या बसला पाऊण तास होता. बसस्टँडच्या वाटेवर फुटपाथवर एका बाईने जुनी पुस्तकं मांडली होती. गाइड, कुंडलीची पुस्तकं, पाककृती, आणि त्यात कोपरे दुमडलेलं एक प्रवासवर्णन. आकांक्षाने ते सहज उचललं. बर्फात अडकलेल्या एका माणसाने आपल्या खेचराशी केलेलं भांडण त्यात पहिल्याच पानावर होतं. ती वाचत राहिली. पुस्तकवाल्या बाईने तिला एक स्टूल सरकवून दिलं. तिने बसून आणखी वाचलं. मग पुस्तक विकत घेतलं, आणि शाळा सुटल्यापासून स्वतःच्या मनाने घेतलेलं हे आपलं पहिलंच पुस्तक, हे तिच्या रस्ता ओलांडताना लक्षात आलं.

स्टँडवर पोचली तेव्हा अमरावतीची गाडी फाटकातून बाहेर पडत होती. तिने हात केला, गाडी थांबली नाही. तिने गावाकडे फोन लावला.

"आबाजी, बस हुकली."

"काऊन? पेपर उशिरा सुटला का?"

"नाई. वाचत बसली होती."

पलीकडे किसनराव हसले, अभ्यासिकेत हसले होते तसेच, मोकळे.

"दुसरी येईन ना अर्ध्या तासानं. बाकावर बस. आन् काय हाय त्यात, मले सांग."

आकांक्षा बाकावर टेकली, बॅग पायाशी ठेवली, फोन खांद्याने कानाशी दाबून धरला आणि पहिलं पान उघडलं.

"एक माणूस आहे, आबाजी. आन् त्याचं खेचर. खेचर म्हणते, मी इथून हलत नाई."

"बरोबर हाय त्याचं," किसनराव म्हणाले. "पुढं वाच."