रेटून खोटं बोलणारं कार्ड

काओशुंग शहरातून आलेलं ते मेमरी कार्ड नखाएवढं होतं, आणि त्यावर श्वे चिन-फाची नोकरी अडकली होती. श्वे म्हणजे बसचा ड्रायव्हर, उभा जन्म स्टिअरिंगमागे गेलेला माणूस. भर दुपारी चौकात त्याच्या बसची धडक एका स्कूटरवाल्या बाईला बसली. बाई वाचली, पाय मोडला. ती म्हणत होती सिग्नल लाल होता, हा म्हणत होता हिरवा. बसच्या पुढच्या काचेला कॅमेरा होता, पण मेल्या चित्रणाला चौकाच्या अलीकडेच खीळ बसायची, ती अपघात होऊन गेल्यावर सुटायची. मधलं सगळं गायब. सोमवारी चौकशी होती. तोवर काही हाती लागलं नाही, तर श्वेला घरी बसवणार होते.

कार्डातली वाचणारी चिप शिन्चू शहरातल्या एका छोट्या कंपनीची, म्हणून ते फिरत फिरत फान शू-मेइच्या टेबलावर आलं. वाचताना झालेल्या चुका दुरुस्त करणारा प्रोग्राम तिनेच लिहिलेला. हाक्का जमातीची बाई कामाला वाघ आणि हट्टाला खेचर, असं तिची सासू म्हणायची. सासूही हाक्काच होती.

आता मेमरीत काही आकडे कोरलेले नसतात. इवल्या इवल्या कप्प्यांत विजेचा साठा असतो, आणि तो किती आहे यावरून एक की शून्य ते ठरवायचं. कप्पे झिजतात, गळतात, शेजाऱ्याचा धक्का खातात. चुका व्हायच्याच. शू-मेइचा प्रोग्राम प्रत्येक कप्प्याला उत्तराबरोबर विचारायचा, “खात्री किती?” मग खात्रीवाल्यांच्या भरवशावर डळमळीतांना सुधारायचा. एरवी झकास चालायचं. या कार्डापुढे मात्र त्याने साफ हात टेकले.

“सोड गं,” मॅनेजर चुंग म्हणाले. “कार्ड मेलंय. तसं कळवून टाक त्यांना.”

“मेलं म्हणायला मी अजून नाडी बघितली नाही, साहेब.”

शेजारच्या टेबलावरचा ल्याव तिच्या बरोबरीचा, पण जिभेला हाड नसलेला. “इकडे आण,” तो म्हणाला. “माझं मशीन पुण्यवान आहे.” पुण्य म्हणजे मशीनवरचं मक्याच्या कुरकुऱ्यांचं हिरवं पाकीट. त्या कुरकुऱ्यांच्या नावाचा अर्थच ‘शहाण्यासारखं वाग’. मशीन नीट चालावं म्हणून ते पाकीट वर ठेवल्याशिवाय त्या मुलखात कुणी मशीनला हात लावत नाही. पाकीट हिरवंच हवं, मुदत संपलेली चालत नाही, आणि फोडून खाल्लं तर बोंबला.

शू-मेइने वैतागून कार्ड त्याच्या मशीनला लावलं. आणि काय आश्चर्य! हरवलेल्या चित्रणाचे चार तुकडे वर आले.

“बघ! पावलं की नाही?”

“अक्कल गहाण टाकलीस का रे?” तिने कार्ड परत आपल्या मशीनला लावलं. शून्य. त्याच्याकडे लावलं, तुकडे हजर. शेवटी लाज सोडून तिने पाकीटच उचललं आणि आपल्या मशीनवर ठेवलं. शून्य ते शून्यच. आता मात्र तिचं डोकं फिरलं. तिने पाकीट पुन्हा ल्यावच्या मशीनवर नेलं, जिथे होतं तिथेच टेकवलं, आणि हाताला गरम झळ लागली.

“ल्याव, गाढवा! हे तू पंख्याच्या जाळीवर ठेवलंयस. मशीन तापलंय!”

“मग? झाला ना उपयोग?”

ती मटकन खुर्चीत बसली. चित्रण झालं उन्हात तापलेल्या काचेपाशी, आणि आपण ते वाचतोय स्वेटर घालावा लागतो अशा थंडगार खोलीत! उष्णतेने कप्प्यांची पातळी सरकते, हे तिला पाठ होतं. पण तापल्या बसचं कार्ड गार करून वाचताना ते कुणाच्या टाळक्यात आलं नव्हतं, तिच्याही नाही. ती स्वतःवर मनापासून चिडली.

चिप लिहितानाचं तापमान नोंदते. तेवढंच तापवून तिने कार्ड वाचलं. रस्ता आला, दुकानं आली, चौक आला. पण नेमका सिग्नलचा तुकडा येईना. तिथले कप्पे जास्त झिजलेले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी ती पुन्हा त्यालाच भिडली, आणि दुपारच्या डब्यापर्यंत चोर सापडला. डळमळीत उत्तरं बिचारी बरोबर होती. पूर्ण खात्रीने बोलणारीच चुकीची होती. सरकत सरकत ती इतकी पलीकडे गेली होती, की छातीठोक वाटावीत. खोटं बोल पण रेटून बोल! आणि तिचा प्रोग्राम भोळ्या सांबासारखा त्यांच्याच मागे जात होता.

काच किती तापायची ते विचारायला तिने श्वेला फोन लावला.

“एसी बंदच होता ताई त्या दिवशी,” तो म्हणाला. “एक सांगू? हिरवा, हिरवा म्हणून इतक्यांना सांगितलंय, की आता डोळे मिटले की लालही दिसतो. मलाच कळेनासं झालंय.”

फोन स्पीकरवर होता, चुंग ऐकत होते. “आणि लाल निघाला तर? बिचाऱ्याच्या पायावर धोंडा पाडशील.”

“लाल तर लाल. मी वाचायला बसलेय साहेब, वकिलीला नाही.”

तिने प्रोग्रामला नवी शिस्त लावली. तापलेल्या लिखाणात जे कप्पे एकाच बाजूला सरकतात, त्यांच्या खात्रीवर जायचं नाही. आधी शेजारच्या कप्प्यात किती वीज आहे ते बघायचं, त्याने किती ढकललं असेल ते वजा करायचं, मगच उत्तर मानायचं. आधी माहितीतल्या कार्डांवर चालवून पाहिलं. पहिल्या खेपेला त्याने चांगल्या कप्प्यांवरही संशय घेतला. तिने दात-ओठ खात ते मोडलं आणि पुन्हा लिहिलं. मनचं चित्र तिला नको होतं.

रविवारी श्वे स्वतःच गाडीने आला. इस्त्रीचा शर्ट, हातात पेरूंची पिशवी. ल्यावने गुपचूप पाकीट जाळीवरच राहू दिलं. शू-मेइने कार्ड लावलं. प्रोग्राम अडला, शेजाऱ्यांकडे गेला, परत आला, पुन्हा अडला. मग पडताळणीची बेरीज जुळली. म्हणजे एकही बिट इकडचं तिकडे नव्हतं.

पडद्यावर चौक आला. वर सिग्नल. हिरवा. बसचं नाक चौकात शिरलं तेव्हाही हिरवा. मग डावीकडून स्कूटर.

“परत दाखवा,” श्वे म्हणाला. तिने दाखवलं. “अजून एकदा.”

तिसऱ्यांदा तो सिग्नलकडे बघतच नव्हता. दोन्ही हातांनी तोंड झाकून तो हमसून हमसून रडत होता.

“बरं झालं ताई,” तो म्हणाला. “उद्या मी लाल होता म्हणून कबूल करणार होतो.”