सत्कारापुरती शाल

करकर. प्लास्टिकची पिशवी उघडताना होते ना, तशी. मी ऐकलेला हा पहिला आवाज. त्याआधी पानिपतच्या मागावर माझी वीण झाली आणि ट्रकमधून मी दौंडच्या बाजारात आले, असं म्हणतात. पण पिशवीत असलं की बाहेरचं सगळं विहिरीच्या तळातून ऐकल्यासारखं येतं, त्याला काही ऐकणं म्हणत नाहीत. मग एके दिवशी करकर झाली आणि तिच्या मागोमाग टाळ्या. मोजक्याच, नऊ माणसांच्या. त्यातला एक जण एका हातात चहाचा कप सांभाळून दुसऱ्या हाताने मांडीवर वाजवत होता.

मी शाल आहे. तपकिरी अंगाची, सोनेरी काठाची, सत्काराची.

माझं गाव भीमेच्या काठाला. इथली माणसं बाजाराला शिरूरला जातात, रेल्वे धरायला दौंडला जातात, आणि भांडायचं असलं की कुठेच जात नाहीत, ते काम गावातच होतं. गावात एक सार्वजनिक वाचनालय आहे. सोसायटीच्या गोदामाला लागून एक खोली, चार कपाटं, एक सतरंजी, एक टेबल आणि त्या टेबलावर अंथरलेली हिरवी बनात, जाड लोकरी कापडाची. आणि सोपानराव. सोपानराव वाचनालय उघडतात, झाडतात, पुस्तकं देतात, पुस्तकं मागून आणतात आणि संध्याकाळी कुलूप लावतात. बोलतात कमी. एक वाक्य निघायला इतका वेळ घेतात की समोरचा माणूस तोवर स्वतःच उत्तर देऊन मोकळा होतो.

वाचनालयाचे अध्यक्ष पोपटराव. मोठे बागायतदार. कारखान्याच्या निवडणुकीत दोनदा पडले, पण माईकचं प्रेम काही पडलं नाही. त्यांनी पुस्तक हातात धरलेलं मी पाहिलं आहे. फोटोपुरतं.

दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी वाचनालयात कार्यक्रम होतो. कधी डोळ्यांची तपासणी, कधी माती परीक्षणावर व्याख्यान, जूनमध्ये दहावी पास झालेल्यांचं कौतुक. कार्यक्रमाचा फोटो सरकारी अनुदानाच्या तपासणीच्या फाइलला लागतो, म्हणून कार्यक्रम लागतो; आणि कार्यक्रम म्हटला की सत्कार लागतो. फोटोत गर्दी दिसावी म्हणून सगळ्यांना सतरंजीच्या एका कोपऱ्यात दाटीवाटीने बसवायचं, ही पोपटरावांची युक्ती. बाकीच्या सतरंजीवर मांजर झोपायचं.

सत्कार दर महिन्याला, शाल मात्र एकच. मी.

गावातल्या माणसाचा सत्कार असला तर सोपं होतं. पोपटराव मला त्याच्या खांद्यावर घालायचे, फोटो निघायचा, टाळ्या व्हायच्या. मग तो माणूस सहज पाणी प्यायला उठल्यासारखा कादंबऱ्यांच्या कपाटामागे जायचा. तिथे सोपानराव दोन्ही हात पुढे करून उभे असायचे. माझी घडी व्हायची. कुणी कुणाला काही सांगितलेलं नव्हतं, पण सगळ्या गावाला ठाऊक होतं. जावयाने आहेराचं ताट रिकामं करून परत द्यायचं, तितकंच ते ठरलेलं.

बाहेरचा पाहुणा असला तर सोपानराव जवळ जाऊन हळूच म्हणायचे, "उकडत आसंल. द्या हिकडं. घडी घालून देतो." पाहुणा मला द्यायचा. थोड्या वेळाने त्याच्या हातात पिशवी यायची. पिशवीत काय नाही, हे त्याला परतीच्या वाटेवर, न्हावरे गावाला पोचल्यावर कळायचं.

माझ्या जोडीला श्रीफळ असायचं. एक नारळ तर माझ्याबरोबर पाच महिने होता. शेवटी एका निवृत्त मास्तरांनी तो घरी नेऊन फोडला. आत काय निघालं, ते त्यांनी अजून कुणाला सांगितलेलं नाही.

बारा वर्षं अशी गेली. पैलवान झाले, त्यांच्या खांद्यांवर माझे दोन काठ एकमेकांना भेटलेच नाहीत. जनावरांचे डॉक्टर झाले. त्यांच्या अंगाला आयोडीनचा वास. एक कवी झाले. त्यांनी अकरा कविता म्हटल्या आणि बारावीच्या आशेने मला अंगावरून काढलं नाही. मी अर्ध्या गावाच्या खांद्यावर बसले आहे. पण प्रत्येकाच्या खांद्यावर दोन मिनिटं. शाल थंडीसाठी असते म्हणतात. मी बारा वर्षांत थंडी पाहिली नव्हती. माझ्या आत ऊब आहे की नाही, हे मलाच माहीत नव्हतं.

एकदा उंदराने माझा कोपरा खाल्ला. सोपानरावांनी मला साखरबाईंकडे नेलं. साखरबाई गावच्या वरच्या अंगाला राहतात, झेंडू आणि शेवंती करतात. नवरा गेला, मुलगा दत्ता शिक्रापूरला कंपनीत आहे, खोली घेऊन राहतो. शाळा चौथीपर्यंत. पण वाचनालयातलं खरं वाचणारं माणूस कोण, असं मला विचाराल तर ती बाई. ओळीखाली बोट ठेवून, ओठ हलवत वाचते. बोटाला फुलांचा पिवळा डाग असतो, त्यामुळे आमच्या वाचनालयातली कुठली पुस्तकं वाचली गेली आहेत, हे पानाच्या कडेवरून ओळखता येतं. पोपटरावांचा नातेवाईक असलेल्या एका लेखकाची पंचवीस पुस्तकं अजून पांढरीशुभ्र आहेत.

साखरबाईंनी माझा कोपरा शिवला. तपकिरी दोरा नव्हता, म्हणून लाल घातला. तेव्हापासून मी लाल कोपऱ्याची शाल झाले.

तर गेल्या डिसेंबरातली गोष्ट. रविवारचा कार्यक्रम होता. शिरूरहून व्याख्याते यायचे होते. सतरंजी अंथरली, चहा झाला, पोहे संपले, आणि व्याख्यात्यांचा फोन आला की येता येत नाही. पोपटरावांनी समोर पाहिलं. नऊ माणसं. त्यातल्या आठांचा सत्कार आधी होऊन गेलेला. एकाचा तर दोनदा.

"ऱ्हायलं कोण?" पोपटरावांनी विचारलं.

सोपानरावांनी हनुवटीने दाखवलं. साखरबाई सतरंजीच्या टोकाला, मांजरापाशी बसल्या होत्या.

"मंग उठा की साखरबाई! तुमी या महिन्याच्या आदर्श वाचक!"

"आवं, म्या कशाला? माझं हात फुलाचं हायती," साखरबाई म्हणाल्या.

"हाताचा फोटो न्हाई काढायचा. या."

मग पोपटराव साखरबाईंवर चाळीस मिनिटं बोलले. त्यातली पाच मिनिटं साखरबाईंवर होती, उरलेली उसाच्या भावावर. मला त्यांच्या खांद्यावर घातलं. खांदे लहान होते. टाळ्या झाल्या, आठ माणसांच्या. सोपानराव नेहमीप्रमाणे कपाटामागे जाऊन हात पुढे करून उभे राहिले.

साखरबाई कपाटामागे वळल्याच नाहीत. दारात चप्पल घातली, पदर सारखा केला, आणि मला अंगावर घेऊन सरळ रस्त्याने, पारावरच्या माणसांसमोरून, घरी गेल्या.

सोपानराव कपाटामागे बराच वेळ उभे होते, असं नंतर कळलं.

दुसऱ्या दिवशी निरोप आला की बुधवारी सकाळी तपासणीला साहेब येणार. पोपटरावांनी सोपानरावांना बोलावलं. "शाल आणा. ती बाई खुळी हाय का? कोपरा तिनंच शिवला, तिला म्हाईत न्हाई व्हय, शाल कुनाची?"

मंगळवारी संध्याकाळी सोपानराव आमच्या घरी आले. आमच्या म्हणते मी, दोनच दिवसांत. मी खुंटीवर होते, दारातून आत आलं की पहिली नजर पडेल अशा जागी. साखरबाईंनी चहा ठेवला. सोपानराव माझ्याकडे पाहत बसले. चहा संपला, दुसरा झाला.

शेवटी साखरबाईच म्हणाल्या, "सोपानआप्पा, तुमी कशाला आलाय, ठावं हाय मला."

सोपानरावांनी कप खाली ठेवला.

"दत्ता धाव्वी पास झाला तवा हीच शाल घातली व्हती त्याला. म्या सतरंजीवर व्हते. लई ग्वाड दिसला. म्या गडबडीनं पुढं आले, आंगन झाडलं, रांगुळी काढली. म्हनलं, पोरगं शाल घालून यील, दारात ववाळीन. आन् त्यो आला नुसत्या सदऱ्यावर. म्हनतो कसा, आये, ती परत द्यायची आसती." त्यांनी सोपानरावांचा कप उचलून बाजूला ठेवला. "गुरवारी सुट्टी हाय त्याला. येतोय. त्याला एकदा घरात बघू द्या ही. शुक्रवारी म्या सोता आनून देते. घडी घालून."

सोपानरावांच्या तोंडात वाक्य तयार होत होतं, मला दिसत होतं. उद्या साहेब येणार आहेत. अध्यक्ष चिडलेत. दौंडची दुकानं आता बंद झाली असतील. ते उठून माझ्यापाशी आले आणि त्यांनी माझा लाल कोपरा चिमटीत धरला.

"टाका उसवतोय," ते म्हणाले. "जमलं तर घाला." आणि गेले.

बुधवारी काय झालं, ते मी पाहिलं नाही. मी खुंटीवर होते. पण गुरुवारी सकाळी सोपानराव परत आले आणि त्यांनी साखरबाईंना सांगितलं, त्यांच्या चालीने, एकेक शब्द उचलून ठेवत.

"सायेब आलं. तपासनी झाली. सत्काराची येळ झाली. म्या टेबलावरची बनात काढली. इस्तरी केलीच व्हती रातीला. चहाचा डाग आत घेतला. अध्यक्षांच्या हातात दिली."

"आगं बया! आन् त्यांनी घातली?"

"घातली."

"त्यांना कळलं न्हाई?"

"घालताना कळलं. पन तवर फोटुवाला म्हनला, हसा. मंग हसलं."

साखरबाईंनी पदर तोंडात धरला.

"सायेब म्हनलं, वा, येगळीच हाय, जाड हाय, हातमागाची का? अध्यक्ष म्हनलं, खास आमच्याकडची हाय. मंग म्या गेलो, म्हनलं, उकडत आसंल, घडी घालून देतो. सायेब म्हनलं, ऱ्हाऊ द्या, लई ऊब हाय. आन् गाडीत बसून गेलं."

"बनात घिऊन?"

"घिऊन."

दोघं इतकी हसली की अंगणातल्या कोंबड्या बाजूला झाल्या. मग सोपानरावांनी राहिलेलं सांगितलं. पोपटरावांनी उघड्या टेबलाकडे बघून विचारलं होतं, शाल कुठं हाय? आणि सोपानराव म्हणाले होते, जिची हाय तिच्याकडं. त्यावर पोपटराव म्हणाले, मंग आता म्या सोता जातो आणायला.

दुपारी दत्ता आला. दारात पाय ठेवला आणि मला पाहिलं. जवळ येऊन लाल कोपरा उलटून बघितला. "आये, ही तर वाचनालयाची हाय. द्यायची ऱ्हायली व्हय?"

"न्हाई," साखरबाई म्हणाल्या. "हितं उभा ऱ्हा. दारात. आसा."

त्यांनी मला त्याच्या खांद्यावर घातलं. तो आता अंगाने भरला होता, कंपनीचा टी-शर्ट होता, लाजत होता. "आये, शेजारची बगत्यात," म्हणाला. त्यांनी त्याला ओवाळलं. टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. दत्ताने पायाला हात लावला आणि मग मला काढून आईच्याच अंगावर घातलं. "सकाळी फुलं तोडायला जाती तवा घेत जा," म्हणाला. "नुसती खुंटीला काय कामाची?"

दुसऱ्या दिवशी पहाटेपासून मी थंडी पाहते आहे. झेंडूच्या रानात दव इतकं असतं की माझे काठ भिजून जड होतात. साखरबाई मला डोक्यावरून घेतात, मागे गाठ मारतात आणि वाकून फुलं तोडतात. माझ्या अंगात ऊब आहे. ती आहे हे मला बारा वर्षांनी कळलं. तुमच्याही घरात कपाटाच्या वरच्या खणात, पिशवीत, एखादी सत्काराची शाल पडली असेल. तिला एकदा बाहेर काढा. कुणाच्या तरी अंगावर टाका. दोन मिनिटांपेक्षा जास्त वेळ ठेवा, एवढंच माझं मागणं.

त्या पहिल्याच सकाळी, शुक्रवारी, साखरबाई मला परत द्यायला निघणारच होत्या. शब्दाच्या पक्क्या आहेत. पण त्याआधी, उजाडताना, पोपटराव रानाच्या बांधावर येऊन उभे राहिले. अंगात स्वेटर, गळ्यात मफलर, घसा खाकरून तयार. मला वाटलं, आता चाळीस मिनिटं.

साखरबाई सरळ झाल्या. "या अध्यक्ष. शाल न्यायला आला ना? म्या आननारच व्हते."

त्यांनी मागची गाठ सोडली. मला अंगावरून काढलं. खाली नुसतं लुगडं आणि विटलेली चोळी. दंडांवर काटा उभा राहिला. त्यांनी माझी नीट घडी घातली, लाल कोपरा वर आला. मग पिवळ्या झालेल्या दोन्ही हातांवर मला धरून, पाहुण्याला द्यावी तशी, पुढे केलं.

पोपटरावांनी माझ्याकडे पाहिलं. मग त्या काटा आलेल्या दंडांकडे पाहिलं. त्यांचा हात पुढे आला, आणि मध्येच थांबला. तोंड उघडलं. बारा वर्षांत ते तोंड उघडून रिकामं राहिलेलं मी पाहिलं नव्हतं.

हात मागे घेतला, मफलर उगाच सारखा केला, आणि मला साखरबाईंच्या हातांवर तशीच ठेवून पोपटराव बांधावरून वळून निघून गेले.