तीन बोरूंची कामटी

त्या वर्षी दूर अमेरिकेत लढाई जुंपली, तिकडचा कापूस थांबला आणि इकडे अमरावतीच्या कापसाला असे दिवस आले, की नांदगाव खंडेश्वरच्या पंतोजींनी शाळा मोडून अमरावतीला खुशालरावांच्या अडतीवर माल तपासायची नोकरी धरली. शाळा मोडल्याचं पोरांना दुःख झालं, असं कुणाच्या ऐकिवात नाही. त्याच शाळेत शिकलेला शेषराव, आता तिशीला आलेला, पंतोजींच्याच शब्दावर तिथे कारकून लागला होता.

सोमवारी खुशालरावांनी त्याला बजावलं: गुरुवारी सकाळी साठ गाड्या अकोल्याला निघतील. दोनशे चाळीस गाठी, दर गाठीला एक चिठ्ठी, सगळ्यांवर मजकूर एकच: माल कुणाचा, कुठून कुठे. अकोल्याला दहा अडत्यांचा माल एकाच मैदानात उतरे, आणि बिनचिठ्ठीची गाठ ज्याच्या हाती लागेल त्याची होई. मागचा कारकून अशा एका गाठीपायी तिवशाला घरी बसला होता.

विसरायला नको म्हणून शेषरावाने ‘चिठ्ठ्या लिहिणे’ अशी चिठ्ठी लिहून पागोट्यात खोचली. मंगळवारी पागोटं परिटाकडे गेलं.

गुरुवारी सकाळी गाडीवानांचा म्होरक्या जानराव ओट्यापाशी आला. “कारकूनबुवा, बैलं जुंपून राहिलो. चिठ्ठ्या द्या, टाचून घेतो.”

“कायच्या चिठ्ठ्या?” शेषराव म्हणाला, आणि त्याला सगळं एकदम आठवलं, पागोट्यासकट.

“तुमालेच ठाव नाही, तं मले कुठून?”

“बैलाइले पाणी पाजलं?”

“पाजलं.”

“आनखी पाजा.”

“बैल हाय बुवा तो. रांजण नाही.”

खुशालराव अंबादेवीच्या दर्शनाला गेले होते. ते परत यायला दोन घटका. एका बोरूने दोनशे चाळीस चिठ्ठ्या लिहायच्या तर जेवणवेळ गेली असती, आणि नोकरीही.

शाळेत शेषराव फारसं शिकला नव्हता. पंतोजी शिक्षा म्हणून एकच ओळ शंभरदा लिहायला लावत. ही शिक्षा त्याला इतक्यांदा झाली, की त्याने तिच्यावर तोड काढली: बांबूच्या कामटीला बोटबोट अंतरावर तीन बोरू सुतळीने आवळायचे. हात एकदा फिरला की ओळी तीन. पुढे त्याची एकट्याची शिक्षा शंभरावरून तीनशेवर गेली.

त्याने कामटी शोधली. बोरू बांधले, दौत रुंद वाटीत ओतली आणि हात सोडला. पंधरा वर्षांनीही हाताला वळण आठवत होतं. कागद भरला की जानराव विळ्याने ओळ न् ओळ वेगळी चिरी.

“हे कुठं शिकले बुवा?”

“शाळेत.”

“मनूनच आमच्या बापानं आमाले घातलं नाही.”

शेवटच्या गाडीवर चिठ्ठ्या टाचत असताना खुशालराव आले. “निघाल्या गाड्या?”

“निघून राहिल्या, मालक.”

ते आत गेले. शेवटच्या गाडीपाशी मात्र पंतोजी उभे होते. त्यांनी तीन चिठ्ठ्या शेजारी शेजारी धरल्या, मग पुढच्या तीन.

“शेषराव, मधला बोरू अजून फाटतोच तुझा.”

शेषराव अंगठे धरायला अर्धा वाकला, मग वय आठवून सरळ झाला. “तुमाले ठाव होतं, पंतोजी?”

“चार वर्षं ती फाटकी ओळ तपासली मी. बाकीच्यांना शंभर आणि तुला तीनशे, ते उगाच होतं का?”

पंतोजींचा आपल्यावर राग आहे, असं शेषराव पंधरा वर्षं धरून चालला होता.

“मालकाले सांगान?”

“सांगावं तर लागेल. त्यांना अकोल्याच्या कामाला आणखी दोन कारकून ठेवायचे आहेत.” पंतोजींनी त्याच्या हातातली कामटी घेतली, कमरेचा चाकू काढून मधला बोरू नीट तासला आणि ती परत दिली. “आता ठेवू नका म्हणून सांगतो. तीन बोरू म्हणजे तीन कारकून.”

ते आत गेले. शेषरावाने कामटी न्याहाळली. चौथ्या बोरूला जागा होती. त्याने सुतळी उचलली, दाराकडे पाहिलं. पंतोजी उंबऱ्यातच थांबून बघत होते. त्याने सुतळी खाली ठेवली.